उत्तराधिकाराचा क्रम

दिल्लीलगत, यमुनेच्या पूर्वेस वसलेले नोएडा हे नगर वयाने लहान आहे. १७ एप्रिल १९७६ रोजी औद्योगिक वसाहत म्हणून त्याची स्थापना झाली. तेथील भूमी मात्र जुनी आहे आणि मराठ्यांच्या इतिहासाशी तिचे नाते दुःखाचे आहे. नोएडाच्या गोल्फ मैदानात एक स्मारकस्तंभ उभा आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी जनरल लेक याच्या इंग्रज फौजेने दौलतराव शिंद्यांच्या फौजेवर जो विजय मिळविला, त्याची ती खूण होय.

त्या पराभवाची कारणे अनेक होती. त्यांतील एक विशेष चिंतनीय आहे. महादजी शिंद्यांनी डी बॉइनकडून उभारून घेतलेली कवायती फौज त्या वेळी पेरॉन या फ्रेंच सेनापतीच्या हाताखाली होती. त्याच्या जागी अंबाजी इंगळे यांची नेमणूक झाल्याची वार्ता आली आणि ऐन युद्धाच्या तोंडावर पेरॉनने नोकरी सोडून इंग्रजांकडून सुरक्षित वाट मागून घेतली. इकडे दिल्लीत लुई बूर्कँ याने पेरॉनविरुद्ध उठून आधिपत्य बळकावले होते. शिपाई शूर होते, तोफा उत्तम होत्या. परंतु हुकूम कोणाचा मानावयाचा, हाच प्रश्न संकटाच्या घडीला उभा राहिला.

त्याच भूमीवर आज संगणकांच्या जाळ्यांचे साम्राज्य आहे. २००३ साली स्थापन झालेल्या नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया या संस्थेचे पहिले केंद्र नोएडातच सुरू झाले. देशातल्या देशात जावयाच्या संदेशाने परदेशाचा फेरा घेऊ नये, हा त्यामागील हेतू. परंतु देशाच्या चव्हाट्यावर येण्याआधी संदेशाला आपल्या कार्यालयाचा उंबरठा ओलांडावा लागतो. हा उंबरठा म्हणजे राउटर. मोठ्या कार्यालयांत ते काम पुष्कळदा मार्ग ठरविणारा स्विच करतो. प्रत्येक संगणकाला या दाराचा एकच पत्ता सांगून ठेवलेला असतो. तो राउटर बंद पडला की शेजारी दुसरा धडधाकट राउटर असूनही उपयोग होत नाही. कारण सारे संगणक जुन्याच दारावर थापा मारीत राहतात. मग बँकेचा व्यवहार अडतो, रुग्णालयातील तपासणीचा अहवाल वाटेतच थांबतो.

या अडचणीवर सिस्को कंपनीने योजलेली स्वतःची पद्धत मार्च १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्याच महिन्यात इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सने सर्व कंपन्यांच्या यंत्रांना चालेल असा नियम आरएफसी २३३८ या क्रमांकाने मांडला. त्याचे नाव व्हर्च्युअल राउटर रिडन्डन्सी प्रोटोकॉल, संक्षेपाने व्हीआरआरपी.

त्यातील कल्पना गादीच्या कल्पनेसारखी आहे. गादी कायम असते. तिच्यावर बसणारा बदलतो. दोन्ही स्विचवर एकच गटक्रमांक आणि एकच आभासी पत्ता नोंदवितात. संगणकांना तेवढाच पत्ता ठाऊक असतो. प्रत्येक स्विचला १ ते २५४ यांमधील प्राधान्य देता येते. काहीच न दिल्यास ते १०० धरले जाते. ज्याचे प्राधान्य मोठे तो प्रमुख, आणि प्राधान्य सारखेच असेल तर ज्याचा खरा पत्ता अंकाने मोठा तो. प्रमुख सामान्यतः दर सेकंदाला ‘मी आहे’ अशी घोषणा करतो. तीन घोषणांइतका काळ शांततेत गेला की राखीव स्विच थोडे अधिक थांबून कारभार हाती घेतो. या थांबण्यातच खरी खुबी आहे. प्राधान्य जितके मोठे, तितकी प्रतीक्षा कमी : २०० प्राधान्याचा स्विच सुमारे ३.२२ सेकंदांनी उठतो, तर १०० प्राधान्याचा सुमारे ३.६१ सेकंदांनी. दोन वारस एकदम गादीवर धावू नयेत, याची ही व्यवस्था. प्रमुखाला स्वेच्छेने पायउतार व्हावयाचे असेल, तर तो शून्य प्राधान्य जाहीर करतो आणि पुढचा वारस तीन घोषणांची वाट न पाहता पुढे येतो.

तथापि प्रमुख जिवंत आहे आणि त्याची बाहेरची तार मात्र तुटली आहे, असा प्रसंग येतोच. अशा वेळी तो घोषणा करीत राहतो आणि संदेश वाया जातात. म्हणून अनेक कंपन्यांनी आपल्या स्विचमध्ये त्या तारेवर लक्ष ठेवण्याची सोय केली. प्रमुखाचे प्राधान्य ११० आणि दुसऱ्याचे १०० असेल, तर तार तुटताच ११० मधून २० वजा होतात आणि ९० वाला आपोआप मागे सरतो. दुरुस्त होऊन परतलेल्या जुन्या प्रमुखालाही, सर्व मार्ग पुरते कळेपर्यंत, काही काळ थांबविणे शहाणपणाचे ठरते. याहून कठीण प्रसंग म्हणजे दोन स्विचमधलाच दुवा तुटणे. तेव्हा एकमेकांची घोषणा ऐकू न आल्याने दोघेही स्वतःस प्रमुख समजतात. १८०३ च्या दिल्लीची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

हा नियम २००४ आणि २०१० साली सुधारला गेला. एप्रिल २०२४ मधील आरएफसी ९५६८ ने प्रमुखासाठी वापरला जाणारा ‘मास्टर’ हा शब्द वगळून ‘ॲक्टिव्ह’ हा शब्द घेतला. मूळ तत्त्व मात्र तेच राहिले. राखीव यंत्र विकत घेणे हे पैशाचे काम आहे. त्याचा क्रम शांततेच्या काळात ठरविणे, तो सर्व यंत्रांवर सारखा नोंदविणे आणि प्रमुखाला मुद्दाम बंद करून वारस खरोखर उठतो की नाही हे पाहणे, हे दक्षतेचे काम आहे. शिंद्यांच्या फौजेजवळ माणसांची वाण नव्हती. प्रमुख गेल्यावर कोणाच्या शब्दावर चालावयाचे, एवढे एकच उत्तर सर्वांपाशी सारखे नव्हते.