पाच व्होल्टची इजाजत

पुण्याच्या तांबट आळीत आजही तांब्याची भांडी ठोकली जातात. बोहरी आळीत हार्डवेअर मिळते. पण बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत तपकीर शोधायला कुणी जात नाही. तिथे वायर, रेझिस्टर, आयसी आणि चार्जर मिळतात. इंजिनिअरिंगच्या मुलांचे प्रोजेक्ट आणि मोबाइल दुरुस्तीवाल्यांचा माल, दोन्ही त्याच गल्लीतून येतात. या दुरुस्तीच्या टपऱ्यांवर कॅम्पात, भवानी पेठेत, कोंढव्यात आपली कितीतरी पोरं बसलेली मी पाहतो. त्यांच्या हाताखालून रोज जाणाऱ्या एका छोट्या गोष्टीचा इतिहास मला सांगायचा आहे. यूएसबीच्या केबलमधून ५ व्होल्ट येतात. ते आले, हे यंत्रातल्या प्रोसेसरला कळते कसे?

५ हा आकडा यूएसबीपेक्षा जुना आहे. १९६० च्या दशकात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या ७४०० मालिकेतल्या आयसी ५ व्होल्टवर चालत आणि पुढे तीच सर्वांची सवय झाली. इंटेलच्या ८०८० प्रोसेसरला तीन वेगवेगळे व्होल्टेज द्यावे लागत. १९७६ च्या ८०८५ ला एकटे ५ व्होल्ट पुरत. त्याच्या नावातला शेवटचा ५ ही त्याचीच खूण. आपल्याकडे इंजिनिअरिंग आणि डिप्लोमाच्या पिढ्या याच ८०८५ च्या किटवर शिकल्या.

जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचे पहिले मानक आले. इंटेलमध्ये या कामाचे नेतृत्व करणारे अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. केबलमध्ये चार तारा ठेवल्या : ५ व्होल्ट, ग्राउंड आणि माहितीच्या दोन, डी-प्लस व डी-मायनस. ५ व्होल्टच्या तारेला ‘व्ही-बस’ म्हणतात. उपकरण जोडले गेले हे संगणकाला कळावे म्हणून उपकरणाने १.५ किलो-ओहमच्या रेझिस्टरने माहितीची एक तार सुमारे ३.३ व्होल्टपर्यंत वर ओढायची. वेगवान उपकरणाने डी-प्लस, माऊससारख्या संथ उपकरणाने डी-मायनस. म्हणजे हात वर करून ‘मी आलो’ म्हणायचे.

पण त्यात एक अट आहे. व्ही-बसवर ५ व्होल्ट नसतील तर हात वर करायचा नाही. परक्या दारात सलाम करून इजाजत मागावी आणि आतून उत्तर येईपर्यंत उंबरा ओलांडू नये, हा अदब आपल्याला लहानपणीच शिकवतात. हा नियम त्याच जातीचा आहे. पेन ड्राइव्हला तो आपोआप पाळावा लागतो, कारण त्याची वीजच त्या तारेतून येते. प्रिंटर, वजनकाटा, हजेरीचे यंत्र यांची वीज मात्र स्वतःची असते. संगणक बंद असताना त्यांनी तार वर ओढून धरली, तर वीज उलटी बंद संगणकात झिरपते. शिवाय केबल निघाली तरी प्रोसेसरला पत्ता लागत नाही. म्हणून अशा यंत्रात प्रोसेसरने व्ही-बस आधी तपासायला हवे.

इथे दुसरी अडचण येते. दरम्यानच्या काळात प्रोसेसर ३.३ व्होल्टवर उतरले, यूएसबी मात्र ५ वरच राहिली. आपल्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांत बरीच वर्षे वापरलेला फिलिप्सचा एलपीसी२१४८ घ्या. त्यात व्ही-बस ओळखायला वेगळी पिन आहे. अशा कित्येक चिपांच्या पिना ५ व्होल्ट सोसतात, पण चिपला स्वतःची वीज मिळत असेल तेव्हाच. यंत्र बंद आहे आणि केबल मात्र जोडलेली, अशा वेळी ते ५ व्होल्ट झोपलेल्या चिपवर जातात आणि पिन खराब होऊ शकते.

उपाय दोन रेझिस्टरचा. व्ही-बसपासून पिनेपर्यंत १० किलो-ओहम आणि पिनेपासून ग्राउंडला १५ किलो-ओहम. मग ५ चे ३ व्होल्ट होतात. व्ही-बस मानकाप्रमाणे ५.२५ पर्यंत चढले तरी पिनेवर ३.१५ येतात आणि ४.४ पर्यंत उतरले तरी २.६४ उरतात, म्हणजे ‘वीज आहे’ हे ओळखायला पुरेसे. चिप झोपलेली असली तरी रेझिस्टरमुळे तिच्यात अगदी थोडाच प्रवाह शिरतो.

२०१४ मध्ये टाइप-सी आले आणि इजाजत दोन्ही बाजूंनी लागू लागली. आता चार्जरही आधी ५ व्होल्ट सोडत नाही. उपकरणाच्या सीसी नावाच्या दोन पिनांवर प्रत्येकी ५.१ किलो-ओहमचा रेझिस्टर असावा लागतो. तो दिसला की मगच वीज. स्वस्त खेळण्यांत आणि दिव्यांत हे रेझिस्टर गाळलेले असतात, म्हणून ते जुन्या चपट्या टोकाच्या केबलवर चार्ज होतात आणि दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर मेल्यासारखे पडून राहतात. मोठ्यांचेही चुकते. २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ बोर्डात सुरुवातीला दोन पिनांना मिळून एकच रेझिस्टर होता. ओळख-चिप असलेल्या केबलवर चार्जरला समोर ऑडिओचे उपकरण असल्याचा भास होई आणि वीज मिळत नसे. कंपनीला बोर्ड सुधारावा लागला.

टपरीवरच्या पोराला यातले अर्धे माहीत असते. ‘चाचा, ये केबल नहीं, वो लगाओ’ असे तो बरोबर सांगतो. का, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. यूएसबीचे मानक फुकट मिळते, पण ते इंग्रजीत आहे. ‘कसे’ जाणणारा जॅक बदलतो आणि ‘का’ जाणणारा बोर्ड बनवतो. दोघांच्या कमाईत आणि मानात किती अंतर आहे, ते पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. हाताची हुशारी आपल्या पोरांत आहेच. आपल्यातले जे इंजिनिअर झाले, त्यांनी हे ‘का’ मराठीत लिहावे, मोहल्ल्यातल्या क्लासमध्ये फळ्यावर काढून दाखवावे. सुरुवातीला एक मल्टिमीटर आणि दोन रेझिस्टर पुरतील.