गच्चीवरचं विमान

परदेशात विमानाचं किट विकत मिळतं. कापलेले पत्रे, भोकं पाडलेल्या पट्ट्या, सोबत नकाशे. अमेरिकेत निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने केलेलं असलं, की ते 'घरी बांधलेलं' म्हणून नोंदवता येतं.

कॅप्टन अमोल यादवांकडे किटही नव्हतं. मूळ सातारा जिल्ह्यातलं, घर कांदिवलीच्या चारकोपमध्ये. तिथल्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभं केलं. आधीचे प्रयत्न फसले होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी ते पाहिलं. पत्रा वाकला, कागद हलेना. नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये मिळाली, उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये. नोंदणीची अक्षरं व्हीटी-एनएमडी. त्यातली शेवटची तीन नरेंद्र मोदी आणि देवेंद्र फडणवीस यांच्या नावांतून घेतलेली. आभार मानावेत, पण त्या अक्षरांत फाईल कुणाच्या शब्दाने सरकली हेही वाचता येतं.

सांगलीतलं देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, त्यांच्या जन्मावेळी सातारा जिल्ह्यातच होतं. तिथल्या एका कारागिराने भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं आणि तीही नियमांत बसत नाही, हेही सांगितलं. पुढच्याच महिन्यात जीपच्या बदल्यात नवी बोलेरो दिली गेली.