धर्म सोडणाऱ्याचं पुढे काय होतं? मुंबईतली गाजलेली प्रकरणं काय सांगतात?

यूट्यूबवर किंवा इन्स्टाग्रामवर 'एक्स-मॉर्मन' असं शोधून पाहा. व्हिडिओंची रांग लागते. अमेरिकेतला मॉर्मन पंथ सोडलेली ही माणसं बहुतेक वेळा तीन गोष्टींबद्दल बोलतात: लहानपणापासून मिळालेली शिकवण, बाहेरच्यांना बंद असलेली टेंपल्स आणि कपड्यांच्या आत रोज घालायचं पवित्र वस्त्र.

जोसेफ स्मिथ यांनी 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. टेंपलमधला ठरावीक विधी झाला की सभासदानं ते वस्त्र घालायला सुरुवात करायची असते. ज्या दिवशी ते घालणं थांबवलं, त्या दिवशी आपण खऱ्या अर्थानं बाहेर पडलो, असं अनेक जण सांगतात.

हे सगळं आपल्यापासून लांबचं वाटेल. पण रोजचं पवित्र वस्त्र, बाहेरच्यांना बंद असलेलं प्रार्थनास्थळ आणि धर्म सोडण्यावरून झालेला गदारोळ, या तिन्ही गोष्टी मुंबईनं दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच पाहिल्या आहेत.

सुदरा आणि कस्ती म्हणजे काय?

पारशी मुलामुलींची नवजोत साधारण सात ते अकरा या वयात होते. त्या वेळी त्यांना सुदरा आणि कस्ती दिली जाते. सुदरा म्हणजे पांढऱ्या सुती कापडाचा पातळ सदरा. त्याला गळ्याजवळ छोटासा खिसा असतो. माणसानं आपली सत्कर्मं त्यात साठवायची, अशी कल्पना. कस्ती म्हणजे लोकरीच्या 72 धाग्यांची विणलेली दोरी. हा आकडा 'यस्न' या प्रार्थनाग्रंथाच्या 72 अध्यायांवरून आला. कस्ती कमरेभोवती तीन वेढे देऊन बांधतात आणि दिवसातून अनेकदा प्रार्थना म्हणत सोडून पुन्हा बांधतात.

मुंज फक्त मुलांची होत आली, नवजोत मात्र मुलगा-मुलगी दोघांची होते. अग्यारीत बिगर-पारशांना प्रवेश नसतो. भारतातल्या आठ आतशबेहरामांपैकी, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या अग्निमंदिरांपैकी, चार एकट्या मुंबईत आहेत. त्यातलं सर्वात जुनं फणसवाडीतलं दादीशेठ आतशबेहराम 1783 सालचं आहे.

1839: गिरगावच्या शाळेतली दोन मुलं

स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये गिरगावात अंब्रोली इंग्लिश स्कूल सुरू केलं. पुढे त्यातूनच विल्सन कॉलेज उभं राहिलं. इंग्रजी शिकवायला चांगली शाळा म्हणून पारशी कुटुंबं मुलांना तिथे पाठवत.

मे 1839 मध्ये त्यांच्यापैकी धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोघांनी काही दिवसांच्या अंतरानं बाप्तिस्मा घेतला. मुंबईत खळबळ उडाली. धनजीभाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे होते. मिशनरींनी मुलाला डांबून ठेवलंय, असा दावा करत नातेवाईक सुप्रीम कोर्टात गेले. हे कोर्ट म्हणजे आजच्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आधीचं ब्रिटिशांचं न्यायालय. अर्ज हेबियस कॉर्पसचा होता. मुलगा स्वतःच्या मर्जीनं राहतोय, त्याला हवं तिथे जाऊ द्या, असा निर्णय कोर्टानं दिला.

धनजीभाई पुढे स्कॉटलंडला शिकले आणि पाद्री होऊन परतले. त्यांचं आत्मचरित्र 'फ्रॉम झोरोआस्टर टू क्राइस्ट' या नावानं 1909 मध्ये प्रसिद्ध झालं. घरची श्रद्धा कशी सुटली हे एका मुंबईकरानं स्वतः सांगितलेली ही एक सुरुवातीची कहाणी.

मागे राहिलेल्यांनी काय केलं?

पहिली प्रतिक्रिया रागाची होती. बहुतेक पारशी मुलांना शाळेतून काढून घेण्यात आलं. मिशनरींच्या धर्मांतरांविरुद्ध सरकारकडे अर्ज गेला. विल्सन यांनी 1843 मध्ये पारशी धर्मावर टीका करणारं जाडजूड पुस्तक काढलं, तर पारशी विद्वानांनीही आपली उत्तरं छापली.

या वादात एक अडचण उघडी पडली. अवेस्तातले मंत्र अनेक धर्मगुरूंना पाठ होते, पण त्या भाषेचा अर्थ उलगडून सांगणं अवघड जात होतं. 1851 मध्ये नौरोजी फरदुनजी, दादाभाई नौरोजी आणि इतरांनी 'रहनुमाए माझदयस्नान सभा' स्थापन केली. खरशेदजी रुस्तमजी कामा यांनी 1861 पासून तरुण धर्मगुरूंना अवेस्ता भाषाशास्त्राच्या पद्धतीनं शिकवायला सुरुवात केली. दोन मुलं बाहेर पडली, पण त्यामुळे आत राहिलेल्यांना आपला धर्म नव्यानं वाचावा लागला.

परत यायचं असेल तर?

1843 मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणानं मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनरींकडे राहायला गेला होता. तो अज्ञान असल्यानं कोर्टानं त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. म्हणजे धनजीभाईंच्या अगदी उलट निकाल. फरक वयाचा होता.

पण घरी परतला म्हणजे जातीत परतला असं नव्हतं. तो मिशनरींकडे राहिला-जेवला होता, म्हणून सनातनी मंडळींनी त्याला परत घ्यायला विरोध केला. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूनं उभे राहिले. प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत घ्यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यासाठी त्यांनी समाजाचा रोषही ओढवून घेतला.

कायदा काय म्हणाला?

तेव्हा धर्म सोडला की वडिलोपार्जित मालमत्तेवरचा हक्कही जाण्याची भीती असे. 1850 च्या 21 व्या कायद्यानं हे बदललं. धर्म सोडला किंवा जातीबाहेर काढलं, म्हणून कुणाचा वारसाहक्क जाणार नाही, अशी तरतूद झाली.

पण पंगतीत जागा द्यायची की नाही, मर्तिकाला येऊ द्यायचं की नाही, हे या कायद्याच्या हातात नव्हतं.

धर्म सोडला नाही, तरी बाहेर?

सुझान ब्रिएर या फ्रेंच बाईंनी आर. डी. टाटांशी लग्न केलं आणि त्यांची नवजोत झाली. जे. आर. डी. टाटा हे त्यांचे पुत्र. त्यांच्या नवजोतीनंतर सुरू झालेल्या वादात 1908 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. झरथुष्ट्री धर्म स्वीकारणं वेगळं आणि पारशी समाजाचा भाग असणं वेगळं. पारशी वडिलांच्या मुलांना न्यायालयानं समाजात धरलं. याच व्याख्येमुळे बाहेर लग्न केलेल्या पारशी स्त्रियांची मुलं वगळली गेली.

बाहेर लग्न केलेल्या स्त्रीचं स्वतःचं काय, हा प्रश्न गुलरुख गुप्ता यांनी न्यायालयात नेला. त्यांनी विशेष विवाह कायद्याखाली हिंदू पुरुषाशी लग्न केलं, पण आपण धर्म सोडलेला नाही, असं त्यांचं म्हणणं. 2012 मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं लग्नानंतर स्त्री पतीच्या धर्माची मानली जाते, असा निकाल दिला. डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुनावणी सुरू असताना, आईवडिलांच्या अंत्यविधीला त्यांना येऊ देण्याची तयारी वलसाडच्या पारशी अंजुमननं दाखवली. 2019 च्या शबरीमला पुनर्विचाराच्या आदेशात पारशी स्त्रियांचा हा प्रश्नही मोठ्या घटनापीठाच्या विषयांशी जोडला गेला.

एकट्यानं की सगळ्यांनी मिळून?

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. 7 डिसेंबरला दादर चौपाटीवर त्यांच्या अंत्यसंस्काराच्या वेळीही मोठ्या जनसमुदायानं दीक्षा घेतली. जुनी दैवतं आणि कर्मकांडं नाकारणाऱ्या 22 प्रतिज्ञा घराघरांत पोहोचल्या.

धनजीभाई एकटे पडले होते. इथे वस्त्याच्या वस्त्या एकत्र बाहेर पडल्या. त्यामुळे शेजार, सोयरीक आणि सणवार सोबतच राहिले. किंमत मात्र इथेही मोजावी लागली. अनुसूचित जातींच्या केंद्रीय व्याख्येत बौद्धांचा समावेश व्हायला 1990 साल उजाडलं.

थोडक्यात सांगायचं तर

कुठला धर्म मानायचा हे ठरवण्याचं स्वातंत्र्य आज संविधानाच्या कलम 25 नं दिलंय. सुदरा, जानवं किंवा मॉर्मन वस्त्र उतरवायला कुणाची परवानगी लागत नाही. पण या प्रकरणांत खरी भांडणं वस्त्रावरून झालीच नाहीत. मूल कुणाकडे राहणार, परतणाऱ्याला पंगतीत कोण घेणार आणि लेकीला बापाच्या अंत्यविधीला येऊ देणार का, यावरून ती झाली. एखाद्या 'एक्स-मॉर्मन' व्यक्तीचा व्हिडिओ पुढच्या वेळी समोर आला, तर ती वस्त्राबद्दल काय बोलते यासोबतच घरच्यांबद्दल काय सांगते, तेही ऐका.