सहा आज्ञांची साखळी

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण झाले. वृत्तपत्रांत चर्चा झाली ती त्यांच्या वेगाची. परंतु अशा महासंगणकावर संशोधक आपले काम सोपवतो, ते एका लहानशा मजकूर-फायलीद्वारे. तिच्या पहिल्या ओळीत बहुधा ‘बॅश’ या शेलचे नाव असते. शेल म्हणजे आपण लिहिलेल्या आज्ञा वाचून प्रोग्राम चालविणारा मध्यस्थ. बॅश १९८९ चा. त्याची परंपरा मात्र थेट १९७१ पर्यंत, केन थॉम्प्सन यांनी बेल प्रयोगशाळेत युनिक्ससाठी लिहिलेल्या शेलपर्यंत जाते.

बहुतेक संगणकभाषांबरोबर ‘स्टँडर्ड लायब्ररी’, म्हणजे तयार कार्यांचा प्रमाणित संच, मिळतो. शेलपाशी तसे फारसे काही नाही. क्रम लावणे, शोधणे, मोजणे ही कामे तो डिस्कवरील स्वतंत्र प्रोग्रामांकडून करवून घेतो. थॉम्प्सन यांच्या शेलमध्ये तर ‘इफ’ आणि ‘गोटू’ हेदेखील बाहेरचे प्रोग्राम होते! पीडीपी-११ यंत्राची स्मृती किलोबाइटांत मोजावी लागे. तेथे प्रत्येक प्रोग्राम लहान ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

तथापि या रचनेमागे केवळ अडचण नव्हती, एक जुने स्वप्नही होते. डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात लिहिले होते की, बागेतील पाण्याच्या नळ्या जोडाव्यात तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथील नाटो परिषदेत त्यांनी आणखी पुढची मागणी केली: कारखान्यात सुटे भाग तयार होतात तसे सॉफ्टवेअरचे घटक तयार व्हावेत. त्यांच्या आग्रहावरून थॉम्प्सन यांनी १९७३ मध्ये युनिक्समध्ये ‘पाइप’ आणला. एका प्रोग्रामचा निर्गत मजकूर थेट दुसऱ्याच्या मुखात जाऊ लागला, आणि सुट्या आज्ञांचे खऱ्या अर्थाने ग्रंथालय झाले. १९९२ च्या पॉसिक्स मानकाने या आज्ञांचे वर्तन कागदावर बांधून दिले.

या ग्रंथालयाची खरी परीक्षा १९८६ मध्ये झाली. जॉन बेंटली यांनी आपल्या स्तंभासाठी डोनाल्ड क्नूथ यांना एक काम दिले: एखाद्या मजकुरात सर्वाधिक वेळा येणारे शब्द, त्यांच्या संख्येसह, उतरत्या क्रमाने छापावेत. क्नूथ यांनी पास्कलच्या आधारे कित्येक पाने भरेल असा, अंतर्गत रचनेत अत्यंत कल्पक प्रोग्राम लिहिला. समीक्षेचे काम मॅकिलरॉय यांच्याकडे होते. त्यांनी त्या कारागिरीची प्रशंसा केली आणि मग सहा आज्ञांची साखळी मांडली. पहिली ‘टीआर’ आज्ञा इंग्रजी अक्षरांव्यतिरिक्तच्या सर्व खुणांच्या जागी नवी ओळ घालते, म्हणजे ओळीला एक शब्द उरतो. दुसरी ‘टीआर’ मोठ्या लिपीतील अक्षरे लहान करते. ‘सॉर्ट’ सारखे शब्द एकत्र आणते, ‘युनिक’ त्यांची गणती करते, पुन्हा ‘सॉर्ट’ संख्येनुसार उतरता क्रम लावते, आणि ‘सेड’ हव्या तितक्या ओळी छापून थांबते.

ही तुलना क्नूथ यांच्यावर काहीशी अन्याय करणारी होती, असे मला वाटते. त्यांना प्रोग्राम निबंधासारखा वाचनीय लिहिण्याची स्वतःची पद्धत दाखवायची होती. सर्वांत आखूड उत्तराची ती स्पर्धा नव्हती. मॅकिलरॉय यांचा मुद्दा मात्र टिकला. त्यांच्या सहांपैकी एकही आज्ञा या प्रश्नासाठी लिहिलेली नव्हती.

आता हीच साखळी आपल्या लिनक्स संगणकावर निव्वळ देवनागरी मजकुराच्या फायलीवर चालवून पाहा. उत्तर येते एक रिकामी ओळ, आणि तिच्याआधी १ हा आकडा. पहिल्याच आज्ञेच्या दृष्टीने आपली संपूर्ण वर्णमाला ‘अक्षरेतर’ ठरते. युनिक्सच्या कर्त्यांनी ‘मजकूर’ हा सर्वांना जोडणारा दुवा निवडला. पण त्या काळी मजकूर म्हणजे इंग्रजी, हे त्यांनी न सांगता गृहीत धरले होते. बंगाली, तमिळ, गुजराती, कोणतीही भारतीय लिपी घ्या, गत हीच.

दुरुस्तीची वाटही थॉम्प्सन यांच्याच हातून आली. १९९२ मध्ये त्यांनी रॉब पाइक यांच्यासह यूटीएफ-८ ही संकेतपद्धती रचली. तिच्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. पण त्या तिहींपैकी एकही बाइट इंग्रजी अक्षराशी, रिकाम्या जागेशी किंवा ओळीच्या अंताशी जुळत नाही. त्यामुळे जुन्या आज्ञा नव्या लिपीचे तुकडे पाडत नाहीत. पहिल्या ‘टीआर’ला अक्षरांऐवजी केवळ रिकाम्या जागांवर तोडण्यास सांगावे, दुसरी काढून टाकावी, कारण देवनागरीत लहान-मोठ्या लिपीचा भेदच नाही. उरलेल्या चार आज्ञा आहेत तशा चालतात. ‘आहे’ आणि पूर्णविराम चिकटलेले ‘आहे.’ मात्र दोन वेगळे शब्द म्हणून मोजले जातात. ती विरामचिन्हे आधी काढण्यासाठी साखळीत आणखी एक ‘सेड’ जोडावी लागते.