स्टेम सेल उपचार: १९८३ ची ती मुलगी आणि आजच्या जाहिराती



मागच्या उन्हाळ्यात पिशोरजवळच्या एका वस्तीवरून एक शेतकरी दादा दवाखान्यात आले. कडेवर सहा वर्षांचा मुलगा. जन्माच्या वेळी त्याच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. या आजाराला आपण सेरेब्रल पाल्सी म्हणतो. दादांनी मोबाइलवर एक जाहिरात दाखवली आणि विचारलं, "डॉक्टरसाहेब, स्टेम सेलचं इंजेक्शन दिलं की पोरगं चालायला लागतं म्हणतात. एक एकर काढून टाकू का?"

मी लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. त्यांना बसवलं आणि या उपचाराचा इतिहास सांगितला. तोच आज तुम्हालाही सांगतो.

स्टेम सेल म्हणजे काय?

आपल्याकडे अद्रक लावणारा शेतकरी सगळा माल विकत नाही. थोडं बेणं पुढच्या वर्षासाठी राखून ठेवतो. शरीरही तसंच करतं. हाडांच्या आतल्या मऊ भागात, म्हणजे अस्थिमज्जेत (बोन मॅरो), रक्ताचं बेणं असतं. त्या मूळ पेशी, म्हणजेच स्टेम सेल. त्यांच्यापासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तयार होतात आणि बेणंही शिल्लक राहतं. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणून शरीराला रोज सुमारे २०० अब्ज नव्या तांबड्या पेशी बनवाव्या लागतात.

सुरुवात अपयशाची

१९४५ च्या अणुबॉम्बनंतर डॉक्टरांच्या लक्षात आलं की किरणोत्सर्गाने अस्थिमज्जा मरते आणि रक्त बनणं थांबतं. मग दुसऱ्याची मज्जा देता येईल का, असा प्रश्न पुढे आला. अमेरिकेतले डॉ. डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये अशा सहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातला एकही रुग्ण शंभर दिवसांच्या पुढे जगला नव्हता, आणि तेही त्यांनी लिहिलं.

१९५८ मध्ये फ्रान्सच्या जाँ दोसे यांनी पांढऱ्या पेशींवरची ओळखखूण शोधली. तिलाच आज आपण एचएलए म्हणतो. रक्तगट जुळला तरी ही खूण जुळली नाही, तर दिलेली मज्जा रुजत नाही, किंवा रुजून रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करते. १९६१ मध्ये कॅनडात टिल आणि मॅक्युलॉक यांनी उंदरांवर प्रयोग करून अशा मूळ पेशी खरोखर असतात याचा पुरावा दिला.

थॉमस यांनी १९७७ मध्ये पुन्हा हिशोब मांडला. रक्ताच्या कर्करोगाचे शंभर रुग्ण, बाकी सगळे उपाय थकलेले. त्यातले तेरा जण आजारमुक्त होते. वीस वर्षांच्या कष्टानंतर शंभरात तेरा! पण आकडा खरा होता, म्हणून जगाने विश्वास ठेवला. १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

मुंबई, २० मार्च १९८३

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. डॉ. सुरेश अडवाणी यांना लहानपणी पोलिओ झाला. तेव्हापासून चाकाची खुर्ची सोबत आहे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये ते शिकले आणि पुढे सिएटलला जाऊन थॉमस यांच्याकडून हे तंत्र शिकून आले.

२० मार्च १९८३ रोजी परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. भारतातलं हे पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण. १९८६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने थॅलेसेमियासाठी हा उपचार सुरू केला.

यात ऑपरेशन करून अवयव बसवत नाहीत. आधी औषधांनी रुग्णाची आजारी मज्जा नष्ट करतात. मग दात्याच्या पेशी रक्ताच्या बाटलीसारख्या शिरेतून देतात. त्या रक्तातून फिरत स्वतःच हाडापर्यंत पोहोचतात आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत नवं रक्त बनवू लागतात. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. दात्याची मज्जा काही आठवड्यांत भरून येते. आता तर बहुतेक वेळा हाताच्या शिरेतूनच मशीनने पेशी गोळा करतात.

मग मेंदूसाठी का नाही?

दादांनीही हेच विचारलं. कारण साधं आहे. रक्ताच्या मूळ पेशींचं नेहमीचं कामच रक्त बनवणं आहे. पाठीच्या मणक्यात टोचलेल्या पेशीला मेंदूतली तुटलेली तार कुठे आणि कशी जोडायची हे ठाऊक नसतं. जपानच्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या साध्या पेशी पुन्हा मूळ अवस्थेत नेल्या आणि २०१२ मध्ये त्यांना नोबेलमध्ये वाटा मिळाला. पुढे यातून उपचार निघतील अशी आशा नक्की आहे. पण आशा म्हणजे उपचार नव्हे.

आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. रक्ताशी संबंधित ठराविक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं, तर इतर आजारांत स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त क्लिनिकल ट्रायलमध्येच देता येतात.

नाळेचं रक्त साठवावं का?

गरोदर लेकी-सुना हा प्रश्न हमखास विचारतात. नाळेच्या रक्तातही मूळ पेशी असतात. १९८८ मध्ये पॅरिसला एका मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेचं रक्त देऊन बरं केलं गेलं. लक्षात घ्या, रक्त बहिणीचं होतं. बाळाला थॅलेसेमिया असेल तर त्याच्या स्वतःच्या नाळेतही तोच दोष असतो. म्हणून स्वतःसाठी "विमा" म्हणून पैसे भरून साठवण्याची शिफारस आयसीएमआर करत नाही. घरात आधीच असा आजार असलेलं मूल असेल, तर मात्र रक्तविकारतज्ज्ञांचा सल्ला जरूर घ्या.

पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा

१. हा प्रस्थापित उपचार आहे की ट्रायल?
२. ट्रायल असेल, तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला क्रमांक काय? तो इंटरनेटवर फुकट तपासता येतो.
३. ट्रायल असेल, तर पैसे कशाचे? संशोधनाचा खर्च रुग्णाकडून घ्यायचा नसतो.

दादांनी तिथेच बसून फोन लावला आणि क्रमांक विचारला. पलीकडून उत्तर आलं, "तुम्ही आधी या तर खरं."

एकर अजून दादांच्याच नावावर आहे. मुलाची फिजिओथेरपी सरकारी केंद्रात चालू आहे आणि अपंगत्वाचा दाखलाही काढला. तो आता आधाराने बसतो. पुढे चालेल का, हे मी त्यांना सांगू शकलो नाही. जे माहीत नाही, त्याचे पैसे घेऊ नयेत, एवढंच मला कळतं.

तुमच्या ओळखीत कुणी अशा जाहिरातीमागे शेत विकायला निघालं असेल, तर हे तीन प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचवा.