खानावळवालीची वही



कामगार चळवळीच्या इतिहासावर व्याख्यान आहे असे जाहीर झाले, की श्रोते संपांच्या तारखा आणि पुढाऱ्यांची नावे ऐकण्याच्या तयारीने येतात. आज आम्ही मुंबईच्या गिरणगावातील चुलीविषयी बोलणार आहोत. आमचे शिक्षण शाळेपेक्षा युनियनच्या कचेरीत अधिक झाले. परंतु ही गोष्ट त्या कचेरीत आम्हांला कोणी शिकविली नाही, म्हणूनच ती सांगण्याची गरज वाटते.

परळ, लालबाग, नायगाव, डिलाईल रोड या भागांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेले गडी एकेका खोलीत दहा-दहा, वीस-वीस राहत. बायकामुले गावी, जमिनीच्या तुकड्यापाशी. या गड्यांना जेवू घालणारी बाई म्हणजे खानावळवाली. बहुधा ती गिरणीकामगाराचीच बायको किंवा विधवा असे. पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी तिची चूल पेटे आणि दुसऱ्या पाळीचा माणूस रात्री जेवून उठल्यावर ती भांडी घासायला बसे. हजेरीपट नाही, रजा नाही, बाळंतपणाचा भत्ता नाही.

आता हिशोब पाहा. गिरणीत पगार महिन्याने होई, आणि तोही पुढचा महिना बराच उलटल्यावर हाती पडे. 1936 साली पगारवाटपाचा कायदा झाला, तेव्हा कोठे त्याला मुदतीचे बंधन आले. म्हणजे कामगार आधी राबे आणि दाम मागाहून घेई. मग मधल्या दिवसांत त्याने खावे काय? तो खानावळवालीच्या वहीत मांडून जेवे. ती वाण्याकडून उधारीवर धान्य उचली आणि त्याचे व्याज भरी. गिरणीमालकाने वेळेवर न दिलेल्या मजुरीचा भार अशा रीतीने शेवटी या बाईच्या डोक्यावर येई. मालकाला बिनव्याजी कर्ज मिळे. व्याज मात्र ती फेडी. अर्थशास्त्राच्या भाषेत तिचा धंदा कारखान्याच्या बाहेरचा. आमच्या मते तो कारखान्याच्या पायातला होता.

ही बाई गिरणीत का नव्हती, हेही विचारले पाहिजे. 1920 च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे सुमारे एक स्त्री होती. वाइंडिंग आणि रीलिंग ही तर बायकांचीच खाती. 1891 च्या कायद्याने त्यांचे तास अकरांवर आणले. पुढे रात्रपाळी बंद झाली. 1929 साली मुंबई इलाख्यात प्रसूती-भत्त्याचा कायदा झाला. 1928 साली कौन्सिलात त्याचा पुरस्कार करणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. कायदे न्याय्यच होते. पण मालकांनी बाई महाग पडते अशी सबब काढली. नवी यंत्रे आणि वाढत्या पाळ्या यांनी उरलेले काम केले. आणि आम्ही? पुरुष हाच घराचा पोशिंदा, असे धरून आम्ही पुरुषाच्या पगारासाठी भांडलो. 1980 पर्यंत गिरण्यांत शेकडा काही थोड्याच स्त्रिया उरल्या. त्यांचे काम संपले नव्हते. ते हजेरीपटावरून उतरून चुलीपाशी गेले होते.

1928 चा संप सुमारे सहा महिने चालला. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. अशा संपात गडी गावी जाऊ शके; खानावळवाली कोठे जाणार? वाण्याची बाकी तिच्या दाराशी उभी. आम्ही संघटनेची जुनी दप्तरे चाळली आहेत. त्यांत पाच रुपयांच्या देणगीचीही पावती सापडते; पण तिच्या बुडालेल्या उधारीची एक ओळ नाही.

कोणी म्हणेल, ती मालकीण होती, मजूर नव्हे. आम्हीही पूर्वी असेच म्हणत असू. पण भांडवल वाण्याचे, वेळ भोंग्याची आणि कष्ट तेवढे तिचे. यात मालकी ती कसली?

याचे उत्तर बायकांनीच शोधले. 1972 साली अहमदाबादेत इला भट्ट यांनी ‘सेवा’ ही संघटना नोंदविण्यास नेली, तेव्हा अडचण निघाली, की मालकच नाही तर युनियन कोणाविरुद्ध? त्यांचे म्हणणे असे, की युनियन कोणाविरुद्ध असण्याआधी ती कामगारांच्या एकीसाठी असते. नोंदणी झाली. 1975 साली मुंबईत प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्यांचे ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभारले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज वाण्याच्या उधारीऐवजी त्यांच्या हाती पोहोचविले. प्रेमाताई कामगार चळवळीतच घडलेल्या. तरी हे काम युनियनच्या चौकटीबाहेर जाऊन करावे लागले, हे आम्ही विसरता कामा नये.

आज गिरण्यांच्या जागी मनोरे आहेत. पण पहाटे डबे भरणाऱ्या, घरी बसून नगावर शिवणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या स्त्रिया आहेतच. त्यांना आपण ‘असंघटित’ म्हणतो, जणू तो त्यांचा स्वभावच. वस्तुतः आम्ही त्यांना संघटित केले नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आहे. तिच्या वहीतली आमच्या नावावरची बाकी अजून फिटलेली नाही. ती मान्य करून आम्ही आपली रजा घेतो.