आमंत्रणाशिवाय मकावात

१६३७ सालचा जुलै. गोव्याहून निघालेलं तुमचं जहाज मलाक्क्याला पाणी आणि मिरी भरून पर्ल नदीच्या मुखाशी येऊन थांबलंय. मचव्यातून तुम्हाला बार्राच्या किनाऱ्यावर उतरवलं जातं. समोर खडकांना टेकून आ-मा देवीचं देऊळ आहे. समुद्रावर जाणारे चिनी कोळी तिथे उदबत्त्या लावतायत आणि त्या धुरात सुकत घातलेल्या मासळीचा वास मिसळलाय. कित्येक आठवडे तुम्ही खारवलेलं मांस आणि कडक बिस्किटं खाल्लीत. पहिल्या भेटलेल्या माणसाला तुम्ही विचारता, इथे चांगलं जेवायला कुठे मिळेल?

चिनी बाजारात भात मिळेल, मासे मिळतील, तो सांगतो. पण ह्या गावाचं स्वतःचं म्हणून जे जेवण आहे ते विकत मिळत नाही. त्यासाठी कुणीतरी तुम्हाला घरी बोलवायला हवं.

नशिबाने तुमच्याकडे गोव्यातल्या एका कुटुंबाची चिठ्ठी आहे. तुम्ही चढण चढू लागता. वाटेत सेंट पॉलच्या चर्चची दर्शनी भिंत लागते. तिच्यावरचं कोरीवकाम अजून चालू आहे, चिनी आणि जपानी ख्रिस्ती कारागीर परांचीवर बसून छिन्नी चालवतायत. तीन वर्षांत हे काम पुरं होईल. १८३५ च्या आगीत मागचं चर्च जळून जाईल आणि ही भिंत एकटी उरेल. आज मात्र तुमच्या डोक्यावर दगडाची पूड उडतेय.

घराची मालकीण चिठ्ठी बघून तुम्हाला थेट मागच्या अंगणात नेते. तिचे वडील पोर्तुगीज, आई मलाक्क्याची. चुलीशी राबणाऱ्या दोघीजणी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून विकत आणलेल्या आहेत. ह्या जेवणात त्यांच्या हाताचाही वाटा आहे आणि तो त्यांना कुणी विचारून घेतलेला नाही. अंगणात जवळ्याची टोपली निथळत ठेवलीय. कोकणात बघता तोच, नखाएवढा, पारदर्शक. त्यात भरपूर मीठ पडतं. मग मिरी, लवंग, लॉरेलचं पान, मिरची आणि वर पोर्तुगालहून आलेली दारू. मालकीण ते हाताने कालवते, चिनी मातीच्या बरणीत दाबून भरते, तोंडाला फडकं बांधते आणि बरणी उन्हाला ठेवते. हा झाला बालिशांव. आज भरलेली बरणी काही आठवड्यांनी उघडायची. तुमच्यासाठी ती आधीची काढते.

लोखंडी चिनी कढईत डुकराची चरबी वितळतेय. त्यात कांदा, मग चमचाभर बालिशांव. वास आधी नाकाला झोंबतो, मग कांद्याबरोबर गोड होत जातो. मांसाचे तुकडे पडतात, चिंचेचा कोळ पडतो, शेवटी थोडी काळपट साखर. रस्सा आटून तुकड्यांना चिकटेपर्यंत ती कढईसमोरून हलत नाही. तुम्ही भाताबरोबर पहिला घास घेता आणि तुम्हाला गोव्याचं बाल्चांव आठवतं. आठवायलाच हवं. दोघांचं नातं मलाय लोकांच्या बलाचानशी, जवळ्याच्या आंबवलेल्या लगद्याशी आहे. गोव्यात त्याला व्हिनेगर आणि लाल मिरचीचं वाटण भेटलं, इथे ते बरणीतच राहिलं आणि चिमटीचिमटीने सगळ्या स्वयंपाकात पसरलं. जहाजाचा एकच मार्ग, गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी. त्याच्या प्रत्येक थांब्यावर कुणीतरी लग्न केलं आणि कुणाची तरी आई स्वयंपाकघरात आली. ह्या पाकशैलीचा इतिहास मला तरी राजांच्या करारांपेक्षा ह्या लग्नांमध्ये जास्त दिसतो.

पुढची दोनशे वर्षं भरभर ओलांडा. १८४४ पर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत चालतो. मुंबईचे पारशी व्यापारी अफू आणि कापूस घेऊन येतात. ग्विया टेकडीच्या उतारावरची त्यांची दफनभूमी १८२९ सालची, ती आजही आहे. १८७४ मध्ये बार्राच्या चढावर लांबलचक कमानींची एक पिवळी-पांढरी इमारत उभी राहते. गोव्याहून बोलावलेल्या शिपायांच्या तुकडीसाठी बांधलेली म्हणून लोक तिला मूरांची बराक म्हणतात. तिच्यासमोर क्षणभर थांबा. आपल्याकडचे लोक इथे पाहुणे म्हणून नव्हे, नोकरीला येऊन राहिले होते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र पैसे देऊन बसता येईल असं एक टेबल मिळतं. रुआ दा फेलिसिदाद ही लाल खिडक्यांची गल्ली, रात्री जुगाराची आणि बायकांच्या कोठ्यांची. इथे १९०३ मध्ये फात सिउ लाव उघडलं. मालक चिनी, काटे-चमचे युरोपी, आणि नाव झालं ते भाजलेल्या कबुतरासाठी. मसाल्यात मुरवलेलं, कुरकुरीत कातडीचं कबुतर हातानेच खायचं. छान लागतं. पण घरातला बालिशांव अजून घरातच आहे.

हे घरचं जेवण बघायचं तर १९३५ च्या एखाद्या बारशाला चला. दुपारी चारनंतरचं हे खाणं, त्याला इथे शा गोर्दु म्हणतात. नावात चहा असला तरी कपाकडे कुणाचं लक्ष नसतं. टेबलावर रिकामी जागा दिसली तर यजमानीणबाईंना कमीपणा वाटतो. सारण भरून तळलेले शिलिकोते, वर ऑलिव्ह खोवलेली खिम्याची कापेला, भरलेले पाव, आणि बेबिंका. ही बेबिंका मऊ आहे. दूध, नारळाचं दूध, अंड्याचा बलक आणि साखर शिजवून एकसंध थापलेली. गोव्याच्या थराथरांच्या बिबिंकाची सवय असलेल्याला चमचा लावतानाच फरक कळतो. बायका आपसात पातुवा बोलतायत, पोर्तुगीज, मलाय आणि कँटनीज एकात एक मिसळलेली त्यांची बोली. तुम्ही कापेलाची कृती विचारलीत तर त्या हसून सांगतीलही. पण घरची कृती बाहेर देताना एखादी गोष्ट मुद्दाम गाळायची इथे रीत होती, असं जुने लोक सांगतात.

ही गुप्तता मला समजते. पिढ्यान् पिढ्या लग्नात हुंडा म्हणून, सणाला मान म्हणून जे जपलं ते कुणी परक्याला का द्यावं? पण तिची किंमतही मोठी होती. डिसेंबर १९४१ मध्ये हाँगकाँग जपान्यांच्या हाती पडलं आणि तटस्थ मकावात निर्वासितांचे लोंढे आले. तांदूळ दुर्मीळ झाला, रस्त्यावर माणसं उपाशी मेली. त्या काळात जेवणाची ठिकाणं सुचवायला माझी जीभ रेटत नाही. युद्धानंतर आणि पुन्हा १९६६ च्या दंगलींनंतर मकानीज कुटुंबं, म्हणजे ह्या मिश्र लग्नांतून घडलेली मकावची घराणी, ब्राझील, कॅनडा, कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलिया, लिस्बन अशी पांगली. प्रत्येक घराबरोबर एकेक वही गेली. काही घरांत वहीसुद्धा नव्हती.

घरं रिकामी होऊ लागली तेव्हा हे जेवण रस्त्यावर आलं. १९७६ मध्ये तुम्ही आव्हेनिदा दा रेपुब्लिकावर वडांच्या सावलीत हेन्रीज गॅलीत बसता. समोर अजून खुलं पाणी आहे, नव्वदच्या दशकात भराव पडून तिथे तळं होईल. आफ्रिकन चिकन मागवा. ही डिश मकावातल्याच एका पोर्तुगीज शेफने १९४० च्या दशकात बसवली असं सांगतात. मोझांबिकची मिरची, नारळ, शेंगदाणे, लसूण ह्यांचा दाट लेप आणि खाली भाजलेली कोंबडी. पाव मागवायला विसरू नका, लेप ताटात ठेवून उठवत नाही.

१९८९ मध्ये कोलोआन बेटावर अँड्र्यू स्टो नावाच्या इंग्रजाने बेकरी काढली आणि वरून करपवलेले त्याचे अंड्याचे टार्ट आशियाभर गाजले. गरम असतानाच खा. पण तेवढंच खाऊन मकाव झालं असं म्हणणाऱ्याला मी पुन्हा बोटीने परत पाठवीन.

२०१० ची एक दुपार. आव्हेनिदा सिदोनिओ पायशवरचं रिकेशो. साध्या टेबलखुर्च्या आणि ऑफिसातून जेवायला आलेली माणसं. मालकीणबाई आयदा दे जेझुस, वय पंचाण्णव, खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलतायत. तुम्ही मिंची घेता. बारीक खिमा सोयाच्या रसात परतलेला, बटाट्याचे तळलेले चौकोनी तुकडे, पांढरा भात आणि वर अर्धवट शिजलेलं अंडं. अंडं फोडा आणि बलक खिम्यात मुरू द्या. बटाटा मऊ पडायच्या आत खायला लागा. घरी आजारी पोराला भरवावं असं हे जेवण आहे, आणि मकावभर प्रत्येक घरात त्याची चव वेगळी. आयदाबाई २०२१ मध्ये एकशे पाचव्या वर्षी गेल्या. त्यांनी कृती लपवल्या नाहीत, मागणाऱ्याला शिकवल्या. ह्या शहराने त्यांचं ऋण मानावं एवढं ते मोठं काम आहे.

आता तुमच्या स्वतःच्या वर्षात या. १९९९ मध्ये पोर्तुगालने मकाव चीनला परत दिलं. कॅसिनोंच्या दिव्यांनी निम्मं आकाश व्यापलंय. २०१७ मध्ये युनेस्कोने मकावला खाद्यसंस्कृतीचं सर्जक शहर ठरवलं आणि २०२१ मध्ये मकानीज पाककला चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत गेली. यादीने पोट भरत नाही, तेव्हा बार्राजवळ रुआ दो आल्मिरांत सेर्जिओवरच्या लितोरालमध्ये बसा आणि बालिशांव-चिंचेचं डुक्कर मागवा. थंडीत गेलात तर ताशु असेल का विचारा. कोबी, कोंबडी, डुकराची कातडी आणि चिनी सॉसेज एकाच पातेल्यात तासन् तास शिजवलेलं.

दुसऱ्या दिवशी माँग-हा टेकडीवर जा. तिथे पर्यटन विद्यापीठाचं रेस्टॉरंट आहे. शिजवतात आणि वाढतात विद्यार्थी. ह्याच विद्यापीठाने मकानीज कृतींचा संग्रह जमवलाय. म्हणजे बारशाच्या टेबलावर ज्या कृतीतली एखादी गोष्ट गाळली जायची, ती आता कुणीही वाचू शकतं. ज्यांच्या घरी कधी बालिशांवची बरणी नव्हती अशी मुलं ती शिकतायत. काही जुन्या मकानीजांना हे रुचत नसेल. मला ते फार योग्य वाटतं. वाढणाऱ्या मुलीला विचारा, आज काय चांगलं झालंय. ती सांगेल ते घ्या, आणि जेवण झाल्यावर मीठ कमी पडलं की जास्त, हे तिला खरं सांगा. ती अजून शिकतेय.